रिकामं अर्धं कोर्ट

"पुष्पा, तू आत आहेस. चपला बाहेर आहेत तुझ्या."

दाराबाहेरून आवाज आला आणि पुष्पलतानं श्वास रोखून धरला. दाराच्या भिंगाला डोळा लावून ती गेली पाच मिनिटं आपल्याच घरात चोरासारखी उभी होती. भिंगातून बाहेरची बाई दिसत होती. कपाळ हे एवढं मोठं, पाय इवलेसे, पांढरे केस बारीक कापलेले आणि खांद्यावर टेनिसची बॅग. भिंगातून सगळीच माणसं वाकडी दिसतात म्हणा. पण ही, पुष्पलताच्या मते, भिंगाशिवायही वाकडीच होती.

मृणालिनी गद्रे. छत्तीस वर्षांनी. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत, चौथ्या मजल्यावर, तेही लिफ्ट बंद असताना!

"आत्या, कोण आहे? कुरियर?" मागून दिव्यानं विचारलं. दिव्या म्हणजे पुष्पलताच्या धाकट्या भावाची मुलगी. एक मजला वर राहायची, दहावीत होती आणि दिवसातले निम्मे तास आत्याच्या सोफ्यावर पुस्तक उघडं टाकून मोबाइल बघत लोळायची.

"कुरियर परवडला असता."

"मग कोण?"

"माझी पार्टनर."

दिव्या ताडकन उठून बसली. "ती फोटोतली? आत्या, यार! तिच्यासोबत तू तीन वेळा इंडियाची डबल्स चॅम्पियन झालीस आणि तिला जिन्यात उभी ठेवलीयेस?"

"हळू बोल. ऐकू जाईल तिला."

"मला सगळं ऐकू येतंय," बाहेरून आवाज आला.

मग काय, उघडावंच लागलं.

मृणालिनी आत आली. बूट काढताना ती वाकली आणि उजव्या हातानं चर्रर्र करून बुटांचे पट्टे ओढले. लेस नव्हतीच. साठी ओलांडलेली बाई आणि बालवाडीतल्या पोरांसारखे पट्ट्यांचे बूट! लेस बांधायचासुद्धा कंटाळा, पुष्पलताच्या मनात आलं. दिव्यानं पाण्याची बाटली पुढे केली, तर ती हसून म्हणाली, "बेटा, झाकण उघडून देतेस?"

झाकण उघडायलाही माणूस लागतो हिला. पुष्पलतानं तेही मनात टिपून ठेवलं.

"अनिशकडे राहायला आलेय मी. माझा मुलगा. मीरा रोडला फ्लॅट घेतलाय त्यानं. सहा महिने झाले."

"सहा महिने," पुष्पलता म्हणाली. म्हणजे सहा महिने ही रिक्षानं वीस मिनिटांवर होती आणि आज उगवतेय.

"तुमच्या इथल्या ईश्वरभाईंचा मेसेज फिरत फिरत आला माझ्याकडे. रविवारी साठीपुढच्या बायकांची दुहेरी आहे, तुमच्याच कोर्टवर. म्हटलं, आपण खेळूया."

"का?"

"का म्हणजे? खेळायला."

"छत्तीस वर्षं नाही सुचलं ते खेळायला?"

मृणालिनीनं दिव्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "थोडं बोलायचंही होतं. पण ते नंतर. आधी खेळू."

बोलायचंय, पण नंतर. पुष्पलताच्या डोक्यात घंटा वाजली. भाईंदर स्टेशनच्या तिकीट-खिडकीमागे तिनं तेहतीस वर्षं काढली होती, रेल्वेत, खेळाडूंच्या कोट्यातून. काचेपलीकडचा माणूस तोंडानं काय बोलतोय याच्याशी तिला घेणं नसायचं. तो उभा कसा राहतो, मागे कितीदा बघतो, यावरून तिला तो ओळखता यायचा. हिला काय हवंय? कुठला सत्कार आहे? कोणी जोडीचं पेन्शन काढलंय? की मुलगा निवडणुकीला उभा राहतोय आणि आई चॅम्पियन होती हे फोटोसकट छापायचंय?

तोंडानं ही काही सांगणार नाही. पण कोर्टवर कोण किती वेळ लपेल?

"खेळते," पुष्पलता म्हणाली.

दिव्यानं सोफ्यावर उडी मारली. बिचारीला वाटलं, मैत्री झाली!

*

पुष्पलताला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या दिवशी मृणालिनी जागची हलली नाही, ते मुद्दाम होतं का?

ती गोष्ट अशी. पुष्पलताचे वडील धर्माजी म्हात्रे हे भाईंदरच्या मिठागरांवरचे. उन्हाळाभर लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचे आणि पोरीलाही ओढायला लावायचे. तिच्या मनगटातली ताकद तिथली. पुढे मिठागर बंद पडलं आणि धर्माजी मुंबईत एका जिमखान्यावर माळी म्हणून लागले. कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. सुट्टीत पुष्पा त्यांच्यासोबत जायची. एकदा मेंबर गद्रेसाहेबांच्या मुलीशी खेळायला कोणी नव्हतं, म्हणून माळ्याच्या पोरीच्या हातात जुनी रॅकेट दिली गेली. पोरीनं पहिलाच चेंडू असा मारला की गद्रेसाहेबांचा चहा सांडला.

तिथून दहा वर्षं. पेपरात कायम 'गद्रे-म्हात्रे' असंच यायचं, गद्रे आधी. पण कोर्टवर कोण पुढे, कोण मागे, हे त्या दोघींनाच ठाऊक असायचं. दुहेरीची गंमतच ती. एकीनं मागून सर्व्हिस करायची, दुसरीनं नेटपाशी उभं राहायचं. सर्व्हिसच्या आधी नेटवालीनं डावा हात पाठीमागे न्यायचा आणि मागचीला खूण करायची. मूठ म्हणजे मी माझ्याच बाजूला राहणार. उघडा पंजा म्हणजे मी पलीकडे झेपावणार, तू धावत येऊन माझी रिकामी बाजू सांभाळ. समोरच्यांना काही दिसत नाही. सगळा खेळ त्या पाठीमागच्या हातावर. पुष्पलतानं त्या हातावर जितका विश्वास ठेवला, तितका देवावरही ठेवला नव्हता.

तीन वर्षं लागोपाठ त्या देशात पहिल्या आल्या. चौथ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात, एक पॉइंट गेला की सामना गेला अशी वेळ. सर्व्हिस पुष्पलताची. पाठीमागे मृणालिनीचा पंजा उघडा. पुष्पलतानं सर्व्हिस केली आणि डावीकडे जीव खाऊन धावली. आणि बघते तर काय, मृणालिनी जागची हललीच नाही! दोघी एकाच बाजूला, एकमेकींच्या अंगावर, आणि उजवीकडचं अर्धं कोर्ट रिकामं. चेंडू तिथे आरामात पडला. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'म्हात्रे गोंधळली'. पंधरा दिवसांनी परदेशातल्या सराव-शिबिरासाठी निवड झाली. गद्रेची झाली, बंगळुरूच्या एका मुलीसोबत.

आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पुष्पलतानं क्लबच्या व्हरांड्यामागे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गद्रेसाहेब मुलीला सांगत होते, "पुढच्या वर्षी पार्टनर बदलायची. माळ्याच्या मुलीला कुठवर ओढणार तू?" मृणालिनी त्यावर काहीच बोलली नव्हती. एक शब्द नाही.

आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल?

धर्माजी तो सामना झाडाखाली उभे राहून बघत होते. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, तू तिकरं कशाला धावलीस?" पुष्पलताला उत्तर देता आलं नव्हतं. हात उघडा होता म्हणावं, तर मृणालिनीवर आळ. आणि पुरावा काय?

*

शनिवारी सकाळी दोघी सरावाला उतरल्या. चार सोसायट्यांचं मिळून एक कोर्ट होतं. त्यावर सामने भरवणाऱ्या ईश्वरभाईंना पिकलबॉल या नव्या खेळाच्या पिवळ्या रेघा मारायच्या होत्या आणि पुष्पलतानं गेली दोन वर्षं त्या मारू दिल्या नव्हत्या.

"खुणाबिणा नकोत," पुष्पलतानं आधीच सांगून टाकलं. "काय ते तोंडानं बोलायचं."

"चालेल. बरंच झालं," मृणालिनी लगेच म्हणाली.

इतक्या लगेच? पुष्पलतानं डोळे बारीक केले.

ती तिला बघत राहिली. सर्व्हिस करताना मृणालिनी हातात एकच चेंडू घ्यायची, दुसरा खिशात. चेंडू वर उडवताना तो कधी पुढे जायचा, कधी मागे. त्या शेवटच्या वर्षीही हिचं असंच सुरू झालं होतं. सर्व्हिसची पहिली पाळी हट्टानं पुष्पलताला द्यायची. खेळातून मन उडालं होतं हिचं तेव्हाच, दुसरं काय! बाकी टप्पा पडायच्या आत मारलेली व्हॉली मात्र अजून तशीच होती, सुरीनं काकडी कापल्यासारखी. आणि एकदा, एकदाच, मृणालिनी ओरडली, "तुझा!" आणि पुष्पलतानं मागे न बघता तो उलटा मारला, तेव्हा दोघी एकदम हसल्या. पुष्पलतानं आपलं हसू लगेच आवरलं.

"आत्या," घरी जाताना दिव्या म्हणाली, "त्या डाव्या हातानं काहीच का नाही करत?"

"घरी नोकर होते. सवय नाही."

"असं नाही गं, म्हणजे मोबाइल पण गळ्यात अडकवलाय त्यांनी. आणि पोहे खाताना बशी हातात नाही धरली, कट्ट्यावर ठेवली."

"तू दहावीचा अभ्यास कर. माझी सीआयडी मी करते."

*

रविवारी सकाळी सातला कोर्टभोवती खुर्च्या लागल्या. खुर्च्यांवर माणसं फार नव्हती, पण वडापाव होते म्हणून मुलं होती. प्लास्टिकच्या टेबलावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून ईश्वरभाई पंच म्हणून बसले. नियम त्यांनीच केले होते. एकाच सेटचा सामना, आणि साठीपुढच्या कोणालाही, कधीही, दोन मिनिटं दम खायला मिळणार.

समोर बोरिवलीच्या दोघी जावा होत्या. घरात त्यांचं पटत असेल-नसेल, कोर्टवर मात्र दोघींचं एकच अंग. पुष्पलता-मृणालिनी तीन-पाचनं मागे पडल्या.

"आत्याऽऽ, कमबॅक!" दिव्या किंचाळली. तिनं ड्रॉइंग पेपरवर 'म्हात्रे-गद्रे' असं लिहून आणलं होतं, म्हात्रे आधी.

सर्व्हिस पुष्पलताची. पहिले दोन पॉइंट गेले. पुष्पलताच्या कपाळावरून घाम ओघळला. आता ती उजवीकडून सर्व्हिस करणार होती. नेटपाशी डावीकडे मृणालिनी वाकून उभी राहिली आणि तिचा डावा हात पाठीमागे गेला. खुणा करायच्या नाहीत हे ठरलं होतं. पण शरीराला कोण सांगणार? दहा वर्षांची सवय, आणीबाणीची वेळ आली की आपोआप बाहेर पडते.

हात उघडा.

आणि पुष्पलताचे पाय तरी कुठे ऐकतात! सर्व्हिस करून ती डावीकडे धावली. मृणालिनी जागची हलली नाही. दोघी एकमेकींवर आदळता आदळता राहिल्या, आणि समोरच्या धाकट्या जाऊबाईंनी उजवीकडच्या रिकाम्या अर्ध्या कोर्टात चेंडू अलगद ठेवून दिला.

पोरं हसली.

"शून्य-चाळीस," ईश्वरभाई म्हणाले. "मॅच पॉइंट."

पुष्पलता तिथेच उभी राहिली. कानशिलं तापली होती. परत. छत्तीस वर्षांनी, परत तेच!

"दोन मिनिटं," ती म्हणाली आणि मृणालिनीचं कोपर धरून तिला बाकावर घेऊन गेली. दिव्या जवळ यायला लागली तशी तिनं नुसतं बघितलं. दिव्या जागीच थांबली.

"मुद्दाम केलंस."

"काय?"

"आत्ता. आणि तेव्हा. पंजा दाखवलास आणि हलली नाहीस. मला सगळ्यांसमोर येडी ठरवायला. कशाला आलीस तू इथे? परत मजा बघायला?"

"पुष्पा, मी मूठ दाखवली."

"डोळे फुटले न्हाय माझे अजून!" पुष्पलताच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. "उघडा व्हता हात!"

मृणालिनीनं डावा हात मांडीवर ठेवला. "ही मूठ आहे माझी," ती म्हणाली.

पुष्पलतानं बघितलं. अंगठा आत वळला होता, तळव्याला टेकला होता. बाकीची चार बोटं मिटायला निघाल्यासारखी थोडी थरथरली आणि तशीच सरळ राहिली.

"मिटत नाहीत गं."

पुष्पलताला तो हात आठवला. छत्तीस वर्षं रोज आठवलेला हात, आणि त्यात अंगठा दिसत नव्हता. चार बोटं होती, अंगठा नव्हता. इतकी वर्षं तिनं बोटंच मोजली होती.

"कधीपासून?"

"त्या सामन्याच्या दोन महिने आधी. सरावात पडले होते बघ, तू मला उचललंस. तेव्हा नस दुखावली. तेव्हा पूर्ण गेली नव्हती. कधी मिटायची, कधी नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"बाबा म्हणाले, कोणाला कळता कामा नये. निवड होईपर्यंत थांब."

"मी कोणी होते?"

मृणालिनीनं मांडीवरचा डावा हात उजव्या हातानं झाकला.

"मग निवड झाल्यावर?"

"मग शिबिर होतं."

"मग?"

"तिथल्या डॉक्टरनं दोन महिन्यांत पकडलं. घरी पाठवलं. पुन्हा कधी खेळले नाही मी."

पुष्पलताला हे माहीत नव्हतं. तिच्या डोक्यातली मृणालिनी कितीतरी वर्षं परदेशातल्या हिरव्यागार कोर्टांवर पांढरा स्कर्ट घालून खेळत होती, आणि पुष्पलता स्वतः तिकीट-खिडकीमागे बसून तिचा राग राग करत होती.

"मग? परत आल्यावर तरी सांगायचंस."

"मग लाज वाटायला लागली. जितका उशीर, तितकी जास्त."

"पेपरात 'म्हात्रे गोंधळली' आलं. वाचलंस तू?"

"वाचलं."

"हात तुझा मिटला नाही आणि गोंधळले मी."

"हो."

ती नुसतं हो म्हणाली. पण, परंतु, काही नाही. त्यामुळे पुष्पलताला पुढे भांडताच येईना. संशय होता तोपर्यंत बरं होतं. मृणालिनीनं दगा दिला, असं एक वाक्य होतं आणि ते छत्तीस वर्षं टिकलं. आता त्याजागी जे आलं होतं त्याला वाक्यच सापडत नव्हतं. दगा नव्हता. पण गप्प बसणं होतं.

"माझा बाप तोच प्रश्न घेऊन गेला," पुष्पलता हळूच म्हणाली. "तिकडे कशाला धावलीस म्हणून."

मृणालिनीचे डोळे भरले. तिनं ते उजव्या मनगटावरच्या पट्टीनं पुसले. "मी त्या दिवशी दारातच सांगणार होते. तू दारच उघडेनास."

"मी माफबीफ करत नाहीये तुला."

"नको करू."

"पुष्पाबेन!" ईश्वरभाई टेबलावरून ओरडले. "दोन मिनिटना पाच थया! चालू करो ने!"

पुष्पलता उठली. रॅकेट उचलली. कोर्टाच्या मागच्या रेघेवर, बेसलाइनवर गेली, या वेळी डावीकडून. चेंडू दोनदा आपटला. पुढे नेटपाशी मृणालिनी वाकून उभी होती. तिचा डावा हात सवयीनं पाठीमागे गेला आणि मग आठवण होऊन परत खाली आला.

"हात मागे घे," पुष्पलता म्हणाली.

"अगं, पण..."

"घे म्हटलं ना."

मृणालिनीनं हात पाठीमागे नेला. पुष्पलतानं रॅकेट काखेत मारली आणि चालत नेटपर्यंत गेली. सगळं कोर्ट बघत होतं. दिव्याच्या हातातला ड्रॉइंग पेपर खाली आला.

"राहणार की जाणार?" पुष्पलतानं विचारलं.

"राहणार."

पुष्पलतानं तो हात आपल्या हातात घेतला. गार होता. करंगळी मिटवली. मग तिच्याजवळचं बोट. मग मधलं. मग पहिलं. आत अडकलेला अंगठा बाहेर काढून वर ठेवला. मूठ झाली. ती उघडू नये म्हणून आपल्या दोन्ही हातांत तिनं ती क्षणभर धरून ठेवली.

"अहो, आम्हाला दिसतंय सगळं!" समोरच्या थोरल्या जाऊबाई हसत म्हणाल्या.

"दिसू द्या," पुष्पलता म्हणाली.

ती परत बेसलाइनवर आली. वळून बघितलं तेव्हा मृणालिनीच्या पाठीमागे ती बोटं एकेक करून परत उघडत चालली होती. करंगळी आधी, मग बाकीची.

पुष्पलतानं चेंडू वर उडवला, सर्व्हिस केली आणि आपल्याच बाजूला उभी राहिली.